वही उघडण्याआधी

निपाणीच्या एका किराणा दुकानदारांचा प्रश्न आहे. त्यांच्याच शब्दांत, थोडा आखडून देते: "वय 56. दुकान वडिलांपासूनचं. पूर्वी दीडेकशे गिऱ्हाइकांची उधारी तोंडपाठ असायची. आता माणूस समोर उभा असतो, चेहरा ओळखीचा, पण नाव जिभेवर येत नाही. आतल्या खोलीत जातो आणि कशाला आलो तेच विसरतो. वडिलांना 78 व्या वर्षापासून भ्रम सुरू झाला, शेवटी शेवटी मलाच 'तुम्ही कुणाकडले?' म्हणून विचारायचे. माझंही तेच होणार काय? मुलगा म्हणतो सुडोकू सोडवा, मिसेस रोज बदाम भिजत घालतात, एकाने ब्राह्मीचं सिरप सांगितलंय. रोजच्या रोज नेमकं काय करावं?"

मी बेळगावात शहापूरला 26 वर्षं दवाखाना चालवते आणि दर बुधवारी खानापुरात बसते. हा प्रश्न आठवड्यातून दोन-तीनदा तरी कानावर येतो, आणि विचारणाऱ्याचं वय वर्षागणिक खाली येतंय. "डॉक्टरीणबाई, सगळं विसरूलोय की ओ," म्हणत माणूस एकटा, स्वतःच्या पायांनी आला असेल आणि कधी काय विसरलं ते क्रमवार सांगत असेल, तर माझी निम्मी काळजी तिथेच मिटते. ज्याची स्मृती खरंच ढासळतेय त्याला बहुतेक वेळा आपलं काही बिघडलंय असं वाटतच नाही. त्याला मुलगा नाहीतर सून धरून आणते आणि तो खुर्चीवर बसून म्हणतो, "मला काय झालंय?" तुम्ही एवढं मुद्देसूद पत्र लिहिलंत, ते मी तुमच्या बाजूने धरते.

आधी वडिलांचं, कारण बाकी सगळ्याखाली तीच भीती दिसतेय. पासष्टीनंतर सुरू होणारा स्मृतिभ्रंश उताऱ्यावरच्या नावासारखा वारसाने चढत नाही. आई-वडिलांपैकी एकाला झाला असेल तर मुलांचा धोका इतरांपेक्षा काहीसा वाढतो, एवढं खरं. पण घरात रक्तातून येतं तसं सवयींतूनही बरंच येतं. वडिलांना बीपी किती वर्षं होतं? गोळ्या नेमाने घ्यायचे का? शुगर? तंबाखू? शेवटची दहा-पंधरा वर्षं ऐकू कमी यायचं का? 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या आयोगाने 2024 साली अशी 14 कारणं मांडली, जी माणसाला किंवा समाजाला बदलता येतात. ती सगळी आवरली तर जगातले जवळजवळ 45 टक्के स्मृतिभ्रंश टळतील किंवा पुढे ढकलले जातील, असा त्यांचा अंदाज आहे. उरलेल्या 55 मध्ये वय आणि नशीब आलं, त्याला माझ्याकडेही औषध नाही.

आता तुमचं विसरणं. मागच्या श्रावणातली माझी गोष्ट सांगते. गणपत गल्लीत भाजीला गेले होते. रविवार पेठेच्या बाजूला स्कूटर लावली, ती फोनवर बोलत बोलतच. एका पेशंटचा मुलगा इन्सुलिन किती घ्यायचं ते विचारत होता. भाजी घेतली, दोन पिशव्या जड झाल्या, समोर रिक्षा दिसली, बसले आणि घरी आले. रात्री मुलाने विचारलं, "आई, गाडी कुठंय?" माझ्या पोटात गोळा. मी शपथेवर सांगितलं की दारातच लावली होती, म्हणजे चोरीलाच गेली. तक्रार द्यायला निघालो तर वाटेत गाडी उभी, सीट भिजून चिंब, आणि किल्ली तिलाच. ते मी विसरले होते असं म्हणता येणार नाही. गाडी लावली ही गोष्ट डोक्यात शिरलीच नव्हती, तर तिथून निसटणार कुठून?

चाळिशी-पन्नाशीतल्या लोकांच्या ज्या तक्रारी मी ऐकते त्यातल्या बहुतेक या जातीच्या असतात. दुकानात गिऱ्हाईक हिशेब सांगतंय, क्यूआरचा डबा मध्येच "रुपये प्राप्त झाले" म्हणून ओरडतोय, होलसेलवाल्याचा फोन आलाय, आणि मोबाइलवर कुणीतरी 'गुड मॉर्निंग' पाठवलंय. या गदारोळात समोरच्याने नाव सांगितलं तरी ते कानापर्यंत जातं आणि तिथेच मरतं. मनात एका वेळी धरून ठेवता येतात त्या गोष्टी फार थोड्या. मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांनी 1956 साली सातचा आकडा दिला, दोन इकडे-तिकडे. 2001 मध्ये नेल्सन कोवन यांनी तो चारच्या आसपास आणला. तरीही एखाद्या बाईने दारातूनच आठ जिन्नस सांगितले तर तुम्ही ते बिनचूक काढून देता. कसे? मोहरी, जिरं, हिंग ही 'फोडणी' झाली. चहापूड, साखर, वेलदोडे हा 'चहा'. साबण आणि खोबरेल ही 'आंघोळ'. आठाचे तीन केलेत. ही युक्ती तुम्हाला कुणी शिकवली नाही, दुकानाने शिकवली. तीच दुकानाबाहेर वापरा: बँकेतली कामं, लग्नाचं सामान, डॉक्टरला सांगायच्या तक्रारी.

आतल्या खोलीत जाऊन उभं राहणं हे तर इतकं सार्वत्रिक आहे की अमेरिकेत 2011 मध्ये त्यावर प्रयोग झाले. एका खोलीत माणूस जेवढा चालतो तेवढंच चालून दारातून पलीकडे गेला, तर हातातली गोष्ट आठवायला त्याला जास्त जड जातं. उंबरठा ओलांडला की मेंदू आधीचा प्रसंग मिटवून नवा उघडतो. आपली जुनी घरं सोपा, माजघर, स्वयंपाकघर अशी आगगाडीच्या डब्यांसारखी, म्हणजे तीन उंबरठे. उपाय घरगुती आहे: 'गुळाची ढेप, गुळाची ढेप' असं पुटपुटत आत जा. दुकानातला पोरगा हसेल, हसू दे. आणि पुटपुटायला विसरलात तर जिथून उठलात तिथे परत येऊन बसा, बऱ्याचदा तिथेच आठवतं.

तुमच्या पत्रात मला सगळ्यात महत्त्वाचा वाटला तो शब्द 'तोंडपाठ'. दीडशे लोकांची उधारी तोंडपाठ का होती? तेव्हा तुमचा मेंदू तरुण होता हे थोडं खरं. पण मी अनगोळच्या माहेरच्या गल्लीतलं दुकान आठवते. काका गल्ल्यावर बसायचे. आई गेली की वही न उघडताच म्हणायचे, "वहिनी, मागचे बेचाळीस आणि आजचे अठरा, साठ झाले बघा." मग वही उघडून खात्री करायचे. रात्री फळ्या लावताना मुलाला विचारायचे, आज कुणाकुणाचं राहिलं? मुलगा अडखळत सांगायचा, काका चुका काढायचे. म्हणजे तो आकडा दिवसातून तीन-चार वेळा डोक्यातून बाहेर काढला जायचा. आता गिऱ्हाईक दिसलं की हात आधी वहीकडे, नाहीतर मोबाइलकडे जातो. आठवायची वेळच येत नाही. आणि जे कधी काढलं जात नाही ते डोकं काढायच्या जागी ठेवत नाही.

शेतकरी पेशंटना मी विहिरीचा दाखला देते, त्यांना लगेच पटतो: उपसा बंद झाला की झरे बुजतात. 2006 मध्ये रोडिगर आणि कार्पिके या दोन मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांवर हेच तपासलं. काहींनी उतारा पुन्हा पुन्हा वाचला, काहींनी एकदा वाचून कागद बाजूला ठेवला आणि आठवेल ते लिहिलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा उलटं झालं, आठवून लिहिणारे बरेच पुढे गेले. यातली मेख अशी की पुन्हा वाचताना माणसाला 'मला येतंय' असं वाटतं, आणि आठवताना 'मला काहीच येत नाही' असं वाटतं. म्हणून सगळे सोप्या वाटेने जातात.

तर तुम्हाला मी एकच मुख्य सवय सांगणार आहे, बाकीच्या तिच्यामागून. दिवसाला पाच गिऱ्हाइकं निवडा. ती दारात दिसली की वही उघडण्याआधी मनात नाव आणि बाकी सांगा. आठवत नसेल तर दहा-पंधरा सेकंद थांबा, चाचपडा, चुकीचा का होईना एक आकडा बोला. मग वही उघडा. चुकलं असेल तर बरोबर आकडा बघा, वही मिटा, पुन्हा एकदा म्हणा. हे चाचपडणं नकोसं वाटतं, पण काम तिथेच होतं. पैसे मात्र वहीप्रमाणेच घ्या, नाहीतर डॉक्टरीणबाईंनी सांगितलं म्हणून भांडण व्हायचं.

नवं गिऱ्हाईक असेल तर त्याचं नाव अंतर टाकून काढायचं: तो दुकानात असतानाच एकदा त्याला नावाने हाक मारून, दुकान बंद करताना, दुसऱ्या दिवशी सकाळी, चार दिवसांनी, पुढच्या बाजाराला. जर्मनीच्या हर्मन एबिंगहाउस यांनी 1885 मध्ये स्वतःवरच प्रयोग करून दाखवलं की पाठ केलेल्यातलं बरंचसं पहिल्या काही तासांतच गळतं आणि नंतर गळती मंदावते. म्हणून पहिल्या उजळण्या जवळजवळ आणि पुढच्या लांबवर. पंचवीस वेळा एका दमात घोकण्यापेक्षा पाच वेळा पाच दिवशी बरं.

खानापूर भागात माझे बरेच पेशंट माळकरी आहेत. लिहिता-वाचता न येणाऱ्या आजी हरिपाठाचे 27 अभंग न अडखळता म्हणतात. एकीला विचारलं, कसं पाठ केलंत? "पाठ कुठं केलो बाई, म्हणत गेलो." (आमच्याकडे बायकाही 'केलो', 'गेलो' म्हणतात, बाहेरच्या वाचकांनी दचकू नये.) मानसशास्त्राच्या पुस्तकात ज्याला प्रकरणभर जागा लागते ते आजीने चार शब्दांत उरकलं.

नावांचं थोडं वेगळं आहे. 'सुतार' हा एखाद्याचा धंदा असेल तर लक्षात राहतो, कारण सोबत रंधा, भुसा, दार, सगळं चित्र येतं. तेच 'सुतार' नुसतं आडनाव असेल तर निसटतं, कारण आडनावाला कशाचाही टेकू नसतो. टेकू आपण द्यायचा. आपल्या भागाचं एक बरं आहे, निम्मी आडनावं गावं घेऊनच येतात: येळ्ळूरकर, उचगावकर, कडोलकर, हलशीकर. माणूस येळ्ळूरचा म्हटलं की राजहंसगड डोळ्यांसमोर आणा आणि त्याला त्या गडावर उभा करा. हास्यास्पद वाटेल, वाटू दे. चित्र जेवढं चमत्कारिक तेवढं चिकट.

सुडोकूबद्दल मुलाला दुखवायचं नाही, पण सुडोकूने माणूस सुडोकूत हुशार होतो. माझे सासरे तंबाखूच्या वखारीत दिवाणजी होते. पावकी, निमकी, दिडकी, अडीचकी सगळं मुखोद्गत. 84 व्या वर्षी नातवाला विचारायचे, "सात औट किती?" (औट म्हणजे साडेतीन.) नातू मोबाइल काढेपर्यंत स्वतःच सांगायचे, "साडेचोवीस!" पण तेच सासरे दिवसातून दोनदा चष्मा शोधायचे आणि तो कपाळावर असायचा. जुन्या लोकांचा पावकी-निमकीचा अभिमान मला समजतो, पण डोकं ज्या कामाला जुंपाल त्या कामात तरबेज होतं, शेजारच्या कामाला त्याचा थोडाच उपयोग. तुम्हाला गिऱ्हाइकांची नावं हवी आहेत ना? मग नावांचाच व्यायाम करा. सुडोकू आवडत असेल तर जरूर सोडवा, मलाही कोडी आवडतात.

काहीतरी नवं, अवघड आणि वापरातलं शिकणं ही मात्र वेगळी गोष्ट. निपाणीत राहून तुम्ही कन्नड बोलत असणार, हे मी धरून चालते. वाचता का? माझ्या वयाच्या, मराठी शाळेतून आलेल्या अनेकांचं कन्नड गिऱ्हाइकाला "एष्टु बेकु?" (किती हवं?) विचारण्यापुरतं, बसची पाटी वाचायला शेजाऱ्याला विचारावं लागतं. हैदराबादला डॉ. सुवर्णा अल्लाडी आणि सहकाऱ्यांनी 2013 मध्ये स्मृतिभ्रंशाच्या 648 रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. एकापेक्षा जास्त भाषा बोलणाऱ्यांत आजाराची सुरुवात सरासरी साडेचार वर्षं उशिरा झालेली दिसली, आणि अक्षरओळख नसलेल्यांतही हा फरक होता. पुढच्या सगळ्याच अभ्यासांत एवढा फायदा दिसलेला नाही, त्यामुळे भाषा म्हणजे लस असं कुणी समजू नये. पण आमच्या बाजारातली भाजीवाली एका गिऱ्हाइकाशी मराठी, दुसऱ्याशी कन्नड, तिसऱ्याशी दखनी आणि गोव्याहून आलेल्याशी मोडकी कोंकणी बोलते, तेव्हा तिचा मेंदू दर मिनिटाला तीन भाषा दाबून धरून चौथी पुढे काढत असतो. फुकटचा आखाडा आहे हा. सीमाप्रश्नावर तुमचं जे मत असेल ते असो, मेंदूला त्याचं सोयरसुतक नाही. रोज दोन अक्षरं शिका आणि ती त्याच दिवशी माल आलेल्या पोत्यांवर शोधा. चार-सहा महिन्यांत बसची पाटी वाचाल.

आता शरीराचं. इथे मी उपदेशाचा डोस कमी ठेवते, पण काही गोष्टी चुकवता येत नाहीत.

झोपेबद्दल तुम्ही काहीच लिहिलं नाही. किराणा दुकानदारांचं मला जे दिसतं ते असं: दुकान रात्री दहाला बंद, जेवण साडेदहाला, अंथरुणात मोबाइल बारापर्यंत, आणि पहाटे पाचला दुधाची गाडी. पाच तास. दिवसभरात शिकलेलं पक्कं व्हायचं काम गाढ झोपेत चालतं. हिप्पोकॅम्पस नावाचा मेंदूच्या आतला छोटा भाग दिवसाची कच्ची खर्डेवही सांभाळतो, आणि रात्री तीतल्या नोंदी हळूहळू पक्क्या खतावणीत उतरतात. खतावणी लिहिणाऱ्याला पाचच तास मिळाले तर नोंदी राहणारच. सात तास हवेत. रात्री जमत नसेल तर दुपारी दुकान मिटतं तेव्हा वीस मिनिटं पडा, पण रात्रीची चोरी त्याने पूर्ण भरून निघत नाही. झोपेसाठी मेडिकलमधून परस्पर गोळी आणू नका. अल्प्राझोलमसारख्या गोळ्या महिनोन् महिने घेणारे लोक "विसरूलोय" म्हणून माझ्याकडे येतात आणि गोळीचं नाव सगळ्यात शेवटी सांगतात. सर्दीच्या जुन्या, गुंगी आणणाऱ्या गोळ्यांचंही तेच, विशेषतः साठीनंतर. आणि मिसेसना विचारा, तुम्ही घोरता का, घोरता घोरता मध्येच श्वास थांबतो का? थांबत असेल तर ती वेगळी तपासणी आहे आणि ती टाळू नये.

"दिवसभर उभाच असतो ओ" हे चालणं नव्हे. 2011 मध्ये अमेरिकेत 120 वयस्कर लोकांवर अभ्यास झाला. निम्मे आठवड्यातून तीन दिवस, दर वेळी 40 मिनिटं झपझप चालले; निम्म्यांनी नुसते अंग ताणायचे व्यायाम केले. वर्षाअखेर चालणाऱ्यांचा हिप्पोकॅम्पस सुमारे 2 टक्के वाढला होता, दुसऱ्यांचा थोडा आटला होता. बेळगावचे लोक टिळकवाडीच्या व्हॅक्सिन डेपोत झाडांखाली फिरतात, पण तिथेही मी पाहते, निम्मे बाकावर बसून राजकारण करतात. बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही, अशी चाल हवी. त्या चाळीस मिनिटांत कालची पाच गिऱ्हाइकं आठवा, दोन्ही कामं होतील.

बीपी आणि शुगर तपासली नसेल तर या आठवड्यात तपासा. मेंदूतल्या केसासारख्या रक्तवाहिन्या वर्षानुवर्षांच्या चढ्या बीपीने खराब होतात आणि दुखत काहीच नाही, म्हणून माणूस गोळी सोडतो. तंबाखूही त्याच वाहिन्यांवर घाला घालते. निपाणी म्हणजे तंबाखूचीच पेठ, तिथल्या दुकानदाराला हे सांगताना मला थोडं ओशाळल्यासारखं होतं, पण बिडी, गुटखा आणि बायकांची मिश्री यात फरक करायचं कारण नाही.

बी-बारा. या एका गोष्टीसाठी मी थोडी थांबणार आहे, कारण विसरण्याचं हे कारण सापडलं तर उपाय स्वस्त आहे. ते जीवनसत्त्व मांस, मासे, अंडी आणि थोडंफार दूध-दह्यातून मिळतं. आपल्याकडे लिंगायत, जैन, माळकरी घरं पुष्कळ, आणि दूध चहापुरतंच. त्यात मधुमेहाची मेटफॉर्मिन किंवा पित्ताची गोळी वर्षानुवर्षं चालू असेल तर साठा आणखी घटतो. तीनेक वर्षांपूर्वी एक निवृत्त शिक्षक आले, शाकाहारी, दहा वर्षं मेटफॉर्मिनवर. वर्गातल्या मुलांची नावं आठवत नाहीत म्हणून रडवेले झाले होते. जीभ लालभडक, गुळगुळीत, पायांना मुंग्या, अंधारात चालताना तोल जायचा. घरच्यांनी 'वयच झालं' म्हणून सोडून दिलं होतं. बी-बारा फारच खाली निघालं. इंजेक्शनं दिली. तीन महिन्यांनी आले ते 1988 च्या सातवीच्या वर्गाची हजेरी म्हणून दाखवत! सगळ्यांचं असं झटकन सुधारत नाही, आणि उशीर झाला तर नसांचं नुकसान मागे राहतं. सोबत थायरॉईडही बघून घ्यावं. तेही मंदावलं की डोक्यावर धुकं येतं.

कान. टीव्हीचा आवाज वाढवत नेणारे आजोबा विसरभोळे वाटतात, कारण त्यांना मुळात ऐकूच गेलेलं नसतं. 2023 च्या एका मोठ्या अमेरिकन अभ्यासात 70 ते 84 वयाच्या लोकांना श्रवणयंत्रं दिली. सगळे मिळून पाहिलं तर फारसा फरक दिसला नाही, पण ज्यांना आधीपासून धोका जास्त होता त्या गटात तीन वर्षांत बुद्धीची घसरण 48 टक्के मंदावली. चष्म्याची कुणाला लाज वाटत नाही, मशीनची का वाटावी हे मला आजवर कळलेलं नाही.

बदाम खा, चार-पाच, वाईट काहीच नाही. पण बदामाने स्मरणशक्ती वाढते हे आपल्या आज्यांचं प्रेम आहे, औषध म्हणून सिद्ध झालेलं नाही. ब्राह्मीवर छोटे अभ्यास आहेत आणि साधारण तीन महिने नेमाने घेतल्यावर आठवण्यात किंचित सुधारणा काहींत दिसली; पोट बिघडणं, मळमळ हेही दिसलं. घोटाळा असा की ब्राह्मी या नावाने दोन निरनिराळ्या वनस्पती विकल्या जातात. दुसरी, गोल पानाची, तिला कन्नडमध्ये ओंदेलग म्हणतात. तिची ताकातली तंबुळी माझी कारवारकडची मैत्रीण उत्तम करते, आणि मी ती स्मरणशक्तीसाठी नव्हे, चवीसाठी दोनदा मागून घेते. सिरपच्या बाटलीत साखर किती आहे ते मात्र वाचा.

घाबरायचं कधी? नाव आठवलं नाही आणि तासाभराने अंघोळ करताना आठवलं, तर काही नाही. तोच प्रश्न अर्ध्या तासात चारदा विचारला, रोजच्या वाटेवर रस्ता चुकला, वर्षानुवर्षं केलेला हिशेब जमेना, वहीत आपल्याच हाताने लिहिलेलं आपलं वाटेना, स्वभाव बदलला, तर दाखवायला या. जुनं छान आठवतं म्हणून निर्धास्त राहू नका. तुमच्याच भागातले एक शेतकरी आजोबा माझ्याकडे येत. 1981 चं शरद जोशींचं तंबाखू आंदोलन, हमरस्त्यावर बैलगाड्या लावून बसलेली माणसं, कुणी कुठे चूल मांडली होती, सगळं चित्रासारखं सांगायचे. घरचे म्हणायचे, बघा, स्मरणशक्ती किती तल्लख! पण सकाळी काय खाल्लं ते दहा वाजता सांगता येत नव्हतं. आजार आधी नवं खातो, जुनं शेवटी.

आणि विसरणं दिवसांत किंवा आठवड्यांत अचानक वाढलं असेल तर वाट पाहूच नका. खानापूरचे एक काका मोटरसायकलवरून पडले, डोक्याला टेंगूळ आलं, गेलं. तीन आठवड्यांनी गुरांना पाणी पाजलं की नाही ते आठवेना, पाय ओढत चालू लागले. घरच्यांना म्हातारचळ वाटला. स्कॅन केला तर कवटीच्या आत रक्त साकळलेलं. ऑपरेशन झालं, आणि पुढच्या सुगीला ते भातकापणीला उभे होते. रक्तातलं सोडियम उतरणं, लघवीचा जंतुसंसर्ग, शुगर एकदम पडणं, अर्धांगवायूची सुरुवात, यांतलं काहीही म्हाताऱ्या माणसाला दोन दिवसांत भ्रमिष्ट करू शकतं, आणि यातलं बरंच परतवता येतं.

तुम्ही महिनाभर पाच गिऱ्हाइकांचा प्रयोग करा. रोज पाचांतली किती बरोबर आली तेवढा आकडा वहीच्या मागच्या पानावर टिपत जा. मग बीपी, शुगर, बी-बारा आणि थायरॉईडचे रिपोर्ट घेऊन जवळच्या डॉक्टरांकडे जा, माझ्याकडेच यायला हवं असं नाही. चालू असलेल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून न्या, सर्दीची आणि पित्ताचीसुद्धा. आणि मिसेसना बरोबर न्या. तुम्ही काय विसरता ते तुमच्यापेक्षा त्यांना जास्त ठाऊक असतं.